वाडा विका, पण अखंड विका

माझ्या माहेरचा वाडा विकायला काढला आहे आणि मी विक्रीच्या बाजूनं आहे. हे आधीच सांगते, कारण माहेरवाशिणीनं वाड्यावर लिहायला घेतलं की वाचणारा आठवणींच्या उमाळ्याची तयारी ठेवतो. आठवणी माझ्याकडेही आहेत. पण नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली आणि वापर नसलेल्या मालमत्तेची काय गत होते ते फार जवळून पाहिलं. ज्या घरात कुणी राहत नाही आणि जे घरच्यांना सांभाळवत नाही, ते दुसऱ्याच्या हाती जावं, हेच बरं. माझा आक्षेप विक्रीला नाही. वाडा कशाच्या भावानं विकायचा, त्यावर आहे.

आजवर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिले जुन्या लाकडाचे व्यापारी. त्यांनी वाडा पाहिला नाही, टेप लावून खांब मोजले. सागाचे खांब, तुळया, कोरलेले हस्त, दिंडीदरवाजा, माडीची तक्तपोशी, सगळ्यांचे घनफूट काढले आणि एकरकमी आकडा सांगितला. वाडा उतरवून न्यायचा खर्च त्यांचाच. मातीच्या भिंती मागं राहतील, त्या पहिल्या पावसात आपोआप बसतील, असंही समजावून सांगितलं. दुसरे प्लॉट पाडणारे. त्यांनी खांबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रस्ता किती रुंद आहे, समृद्धी महामार्गावर चढायची जागा किती लांब आहे, एवढंच विचारलं. एकाला जागा नको होती, दुसऱ्याला घर नको होतं. उभा वाडा घेतो म्हणणारं तिसरं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. ते यावं म्हणून हा लेख.

गाव आर्वी तालुक्यातलं आहे. सगळ्या हिस्सेदारांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. वाडा दोन चौकी आहे. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर पांढऱ्या मातीच्या, दोन हातांहून जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा. पुढच्या चौकात कचेरी. तिथं दिवाणजी बसत आणि कुळं सारा भरायला येत. कचेरीच्या डोक्यावर पाच खणांची माडी. मागच्या चौकात विहीर, स्वैपाकघर, बाळंतिणीची खोली, धान्याची बळदं. त्याहून मागं कोठा. त्यात गवळाऊ बैलांच्या जोड्या बांधलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. एका कडेला कापसाची कोठी, तिला खिडकी नाही, फक्त वरती झरोके. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री तापलेलं असताना खालच्या खोल्यांत पंख्याशिवाय दुपार निघते. हे मी भाबडेपणानं सांगत नाही. वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल.

असे वाडे आमच्या जिल्ह्यात एकाच काळात इतके का उभे राहिले, त्याला कारण आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरमधून वेगळा काढला. पहिलं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणलं, तेच आजचं वर्धा. भोसल्यांच्या काळात जे गावचा वसूल गोळा करत, त्यांना इंग्रजांनी त्याच दशकातल्या बंदोबस्तात गावाची मालकीच लिहून दिली. हे मालगुजार. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि हिंगणघाटच्या कापसाचे भाव चढले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढं १९१७ साली पुलगाव-आर्वी नॅरोगेज आली आणि आमच्या भागातला कापूस बंडीतून थेट वाघिणीत पडू लागला. मालकी पक्की, पीक नगदी, वाहतूक दारात. त्या पैशातून सागवान आलं, कोरीवकाम करणारे वाढई आले आणि माड्या चढल्या.

हा पैसा कुणाच्या घामाचा होता, तेही याच लेखात लिहिलं पाहिजे. कचेरीच्या पायरीवर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या कुळांची नातवंडं आजही गावात आहेत. काही घरांतल्या माणसांना दिंडीदरवाजातून आत यायची मुभा नव्हती. त्यांचं धान्य कोठ्याच्या बाजूनं घेतलं जाई आणि त्यांना पाणी वरून ओतलं जाई. माझी आजी ही गोष्ट सांगताना आवाज खाली घेत असे, पण सांगत असे. म्हणून ‘गावाचं वैभव जपा’ असं कुणी म्हटलं की मी थोडी थांबते. ते वैभव सगळ्या गावाचं नव्हतं. वाडा टिकावा असं मला मनापासून वाटतं, पण तो जसा होता तसा, त्याच दाराआड टिकावा असं वाटत नाही. ही अट माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याला लागू आहे.

मध्यप्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलन कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला आणि मालगुजारी संपली. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. गाव, जंगल, पडीत, तलाव सरकारात गेले; सीर आणि खुदकास्त, म्हणजे घरची वहितीची जमीन, घराकडे राहिली. पुढं १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, वाटण्या झाल्या, मुलं शिकून नागपूर-पुण्याला गेली. दहा गावांच्या उत्पन्नावर बांधलेलं घर पंचवीस-तीस एकरांच्या कोरडवाहू शेतीवर पोसायची वेळ आली. ते पोसलं गेलं नाही, यात नवल नाही.

मातीचं घर कसं जातं, ते लिहून ठेवते, कारण कित्येक वारसदारांना ते माहीत नसतं. आमच्याकडे दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरत. वानरं कवेलू फोडतात. फुटलेला बदलला नाही की पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं. माथा भिजला की माती खाली सरकते, तुळईचं टोक मोकळं होतं आणि ओल्या टोकाला उधई लागते. एका पावसाळ्यात सुरू झालेली ही गोष्ट तीन-चार पावसाळ्यांत माडी खाली आणते. मग घरातला कुणी शहाणा भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. वरून भिंत नवी दिसते आणि आतून विरघळत राहते. आमच्या वाड्याची उत्तरेची भिंत अशीच गेली. शंभर सव्वाशे वर्षं टिकलेलं घर कवेलू फेरायच्या मजुरीपायी पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता धंद्याचं बोलू. ‘वाडा आहे ना, हॉटेल काढा’ हा सल्ला मला इतक्यांनी दिला आहे की त्याचा हिशेब मांडणं भाग आहे. लोकांच्या डोळ्यांपुढं राजस्थान असतं. नीमराणाचा पडका किल्ला १९८६ साली विकत घेतला गेला आणि १९९१ साली तिथं हॉटेल सुरू झालं, हे खरंच आहे. पण नीमराणा दिल्ली-जयपूर रस्त्यावर आहे, दिल्लीचा पैसेवाला माणूस शनिवारी दुपारी निघून संध्याकाळी पोचतो. आपल्याकडे सासवडजवळ जाधवगड झालं, तेही पुण्याच्या जवळ आहे म्हणून. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात शनिवारी कोण येणार?

समजा, चार खोल्या नीट केल्या. रात्रीला दोन हजार रुपये धरले आणि चारही खोल्या वर्षातल्या शंभर रात्री भरल्या, तर आठ लाख रुपये जमा. दुरुस्तीला चाळीस लाखांचं कर्ज घेतलं, व्याज दहा टक्के, फेड दहा वर्षांची, तर पहिल्याच वर्षी व्याज चार लाख आणि मुद्दल चार लाख. आठ लाख तिथंच संपले. दोन माणसांचा पगार, वीज, धुणं, चहा-जेवण, कवेलू, चुना यांना एक पैसा उरला नाही. अशी फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी मंजूर केली नसती. आणखी एक गोष्ट बाहेरचे सल्लागार विसरतात. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. मोठ्या हॉटेलांच्या हिशेबात बारचं उत्पन्न गृहीत असतं, इथं ते नाही, आणि नसावं असंच मला वाटतं. लग्नं-रिसेप्शनचा मार्गही फारसा पुढं जात नाही. हजार माणसं आणि डीजे मातीच्या दोन चौकांत घालणं म्हणजे भिंतींवर घाव घालणंच आहे.

मग काय करायचं? उत्तरासाठी राजस्थानात जायची गरज नाही. मोठ्या घरांचं काय करावं, याचे देशातले काही उत्तम नमुने आमच्या वर्धा जिल्ह्यातच आहेत, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी हॉटेल झालेलं नाही.

मगनवाडी घ्या. ते जमनालाल बजाज यांचं बागेतलं घर. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालालजींनी ते घर आणि बाग त्या कामाला दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून गांधीजींनी तिला मगनवाडी म्हटलं. संघाचं काम चालवणारे जे. सी. कुमारप्पा तिथं राहिले. जिथं शेठजींचे पाहुणे संध्याकाळी हवा खायला यायचे तिथं तेलघाणी फिरली, हातकागद तयार झाला, मधमाशांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही चालू आहे, आणि महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही त्याच परिसरात आहे. नव्वद वर्षं झाली. इतकी वर्षं ती जागा रिकामी पडलेली नाही, हा माझ्या दृष्टीनं कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा दाखला आहे.

पवनारचा लाल बंगला. धाम नदीच्या काठावरचं हे घरही जमनालालजींचंच. १९३८ साली प्रकृती ढासळलेले विनोबा तिथं राहायला आले आणि तिथून परंधाम आश्रम उभा राहिला. १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. तिथल्या बहिणी शेती करतात, छपाईचं काम करत आल्या आहेत, मातीतून निघालेल्या जुन्या मूर्ती त्यांनी आवारात जपल्या आहेत. आणि सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना. कस्तुरबांच्या निधनानंतर डॉ. सुशीला नायर यांनी तो सुरू केला तो बिर्लांच्या अतिथिगृहात, पंधरा खाटांवर. १९६९ साली त्यातूनच देशातलं ग्रामीण भागातलं एक मोठं वैद्यकीय महाविद्यालय झालं. तुमच्या-माझ्या घरातलं कुणी ना कुणी तिथं बरं होऊन आलेलं आहे.

या तिन्ही घरांत आधी मोजके पाहुणे येत, नंतर तिथं रोज राबणारी माणसं आली. घर वाचलं ते त्या कामामुळं. त्यांच्या मालकांनी ती देऊन टाकली, दान दिली, हा फरक मला कळतो. आमच्या वाड्याचे हिस्सेदार सामान्य नोकरदार आहेत, त्यांना दान परवडत नाही आणि मी त्यांना तसा आग्रहही करणार नाही. पण दान नाही म्हणून मगनवाडीची पद्धत बाद होत नाही. विकत घेऊनही, भाड्यानं घेऊनही घर कामाला लावता येतं.

वर्ध्यात त्यासाठी लागणारी माणसं आणि माल दोन्ही आहेत. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या जिल्ह्यातली बरीच हळद अजून कच्चीच विकली जाते. ती उकडून, वाळवून, पॉलिश करून, दळून, पुडीत भरून विकायला काय लागतं? फरसबंदी चौक, कोरडी कोठी, विहीर, रस्त्याला लागून आवार. वाड्यात हे सगळं आहे. दळणाचं काम मातीच्या खोलीत करता येणार नाही. अन्नाच्या परवान्याला धुता येईल अशी फरशी आणि भिंत लागते. ते कोठ्याच्या जागी साध्या नव्या शेडमध्ये करावं. साठवण, पॅकिंग, कार्यालय वाड्यात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं, आणि शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गट त्याला पात्र आहेत. गोपुरीत ग्राम सेवा मंडळाची खादी आहे, मगन संग्रहालयानं नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम वाढवलं आहे. गोरस भंडारच्या गोरसपाकासाठी वर्ध्याबाहेरचा माणूस पिशवी घेऊन येतो, यावरून इथल्या नावाला बाजारात किती मान आहे ते समजतं.

आणि खोल्या? त्याही असाव्यात, पण जोडधंदा म्हणून. मागच्या चौकात वर्षभर काम चालू असेल, त्यातून पगार आणि हप्ता निघत असेल, तर माडीवरच्या चार खोल्या शंभर रात्री भरल्या काय आणि साठ रात्री भरल्या काय, वाडा बुडत नाही. राहायला येणारे आहेत. सेलू तालुक्यातल्या बोरला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात जंगलफेरी बंद असते, पण हिवाळा-उन्हाळा आहे. सेवाग्रामला अभ्यासाला येणारे आहेत, हिंदी विद्यापीठाचे पाहुणे आहेत. कापूस वेचून, हळद उकडताना पाहून, ज्वारीची भाकर खाऊन जायला नागपूरची कुटुंबं येतील. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि येळाकेळीला उतरता येतं; त्याचा उपयोग फक्त प्लॉटचे भाव वाढवण्यापुरता होऊ नये.

मोठी घरं मोडीत निघणं आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडातही हेच घडलं. पहिल्या महायुद्धानंतर वारसा कर आणि घटतं शेतीउत्पन्न यांखाली तिथल्या खेड्यांतली मोठी घरं शेकड्यांनी पाडली गेली. १९३७ साली कायदा करून नॅशनल ट्रस्टला अशी घरं स्वीकारून सांभाळायची मुभा दिली, आणि १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं पडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोक हळहळले. हळहळ उशिरा झाली. बाकीची घरं शाळा, दवाखाने, कार्यालयं, मुक्कामाची ठिकाणं होऊन तगली. आपल्याकडे तमिळनाडूतल्या चेट्टिनाडमध्ये ब्रह्मदेशी सागाचे खांब आणि दारं कराईकुडीच्या जुन्या सामानाच्या दुकानांत विकायला उभी आहेत. तिथं घर मोडून त्याचे तुकडे विकायचा एक बाजारच तयार झाला आहे. विदर्भ त्या वाटेला लागला आहे. पुण्या-मुंबईच्या नव्या बंगल्यांत आणि रिसॉर्टांत जे जुने खांब शोभेला उभे असतात, ते आमच्यासारख्या कुणाच्या तरी ओसरीतून उतरवलेले असतात.

उभा वाडा घेणारं गिऱ्हाईक का येत नाही, याचं मोठं कारण कागद आहे. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि तो कर कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते सिद्ध करत नाही. बँक अशा घरावर कर्ज द्यायला कचरते, आणि मी स्वतः कचरले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देण्याचं काम हाती घेतलं गेलं, आणि माझ्या मते खेड्यातल्या जुन्या घरांसाठी अलीकडच्या काळात झालेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. आपल्या वाड्याचं पत्रक निघालं का, त्यावर सगळ्या हिस्सेदारांची नावं आली का, हे वारसदारांनी आजच जाऊन पाहावं. काकाच्या एकट्याच्या नावावर कर भरला जात होता म्हणून पत्रकही त्यांच्या एकट्याच्या नावावर निघालं, तर पुढची वीस वर्षं कोर्टात जातील आणि तोवर माडी राहणार नाही.

इथं बहिणींशी दोन शब्द. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ नं मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. पुरुष वारसांनी वाटणी करायची ठरवेपर्यंत तिनं थांबायचं. २००५ च्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं आणि मुलीला जन्मानं हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे वाड्याच्या विक्रीवर तुमची सही लागते. पुष्कळ बहिणी ती सही ‘भावाशी वाईटपणा नको’ म्हणून न वाचता करतात, हक्कसोडपत्रही करून देतात. हक्क सोडायचा तर सोडा, तो तुमचा निर्णय. पण सही करण्यापूर्वी एकदा विचारा, घेणारा घर ठेवणार आहे की उतरवणार आहे? भावाशी वाईटपणा न घेताही हे विचारता येतं. मी विचारलं.

हिस्सेदारांत फूट पाडून एकाचा हिस्सा स्वस्तात घ्यायचा आणि मग बाकीच्यांना वाटणीच्या दाव्याची भीती घालायची, ही दलालांची जुनी रीत. तिच्यावर उतारा १८९३ च्या विभाजन कायद्यात आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसानं घेतला आणि तो वाटणीसाठी कोर्टात गेला, तर घरातला कुणीही हिस्सेदार ‘तो हिस्सा मी घेतो’ असं सांगू शकतो. कोर्टाला किंमत ठरवून तो त्याला द्यावा लागतो. वकिलाला हे कलम चार दाखवायला सांगा.

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक वाड्याला संरक्षित स्मारक करा असं मी म्हणत नाही. ते होणार नाही, आणि झालं तर दरवाजाला कुलूप आणि बाहेर एक निळा फलक एवढंच हाती येईल अशी मला भीती आहे. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेनं आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, वर्धा या आठही तालुक्यांतल्या उभ्या वाड्यांची एक यादी करावी. ग्रामसेवक आणि तलाठी मनावर घेतील तर एका उन्हाळ्यात होईल. यादीत वाडा, त्याची स्थिती, पत्रकाची अवस्था आणि मालक विकायला किंवा भाड्यानं द्यायला तयार आहे का, एवढंच असावं. जागा शोधणाऱ्या शेतकरी कंपनीला, बचत गटाला, संस्थेला ती यादी पाहता यावी. आज विकणाऱ्याला घेणारा सापडत नाही आणि घेणाऱ्याला वाडा कुठं आहे ते माहीत नाही. मध्ये फक्त लाकडाचा व्यापारी गावोगाव फिरतो. २०२० चं कृषी पर्यटन धोरण शेताला धरून आखलेलं आहे. त्यात गावठाणातल्या जुन्या घराच्या दुरुस्तीला जागा करावी. जिल्हा मध्यवर्ती आणि राष्ट्रीयीकृत बँकांनी मालमत्ता पत्रक असलेल्या वाड्याला चुना-माती-कवेलूच्या दुरुस्तीसाठी कर्ज द्यावं, आणि मूल्यांकन करणाऱ्यानं जुन्या मातीच्या बांधकामाची किंमत शून्य धरू नये. मी ज्या काळात काम केलं त्या काळात ती सर्रास शून्य धरली जाई.

गावात एक बैठक झाली, त्यात बचत गटाच्या बायकाही आल्या होत्या. पुढचा चौक पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला तो विहिरीला बारमाही पाणी आहे का, हा. दुसरा, हप्ता किती पडेल. काहींच्या सासूबाईंना या दिंडीदरवाजातून आत यायची परवानगी नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण आल्या त्या दिंडीदरवाजानंच. त्यांच्याकडे आज एकरकमी पैसा नाही. पण दहा वर्षांच्या भाडेकरारावर मागचा चौक आणि कोठ्याची जागा घ्यायची त्यांची तयारी आहे, आणि माझ्या दोन चुलतभावांना हा विचार पटला आहे. बाकीच्यांना रोख रक्कम हवी आहे. मुलांची शिक्षणं आहेत, घराचे हप्ते आहेत, त्यांना मी दोष देत नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याचा आकडा त्यांच्यासमोर आहे आणि तो खरा आहे.

म्हणून ज्यांना हळदीसाठी, डाळीसाठी, खादीसाठी, शिकवण्यासाठी किंवा मुक्कामासाठी मोठी, थंड, पक्की जागा हवी आहे, त्यांनी नागपूर-वर्ध्यात भाड्याच्या गाळ्यांमागं धावण्याआधी आर्वी-सेलूकडची गावं एकदा फिरून पाहावीत. आणि ज्यांच्या नावावर असा वाडा आहे त्यांनी, विकायचा असो की ठेवायचा, यंदा मृगाआधी कवेलू फेरून घ्यावेत. उभ्या माडीचा आणि पडलेल्या माडीचा भाव एक नसतो. आमच्या वाड्याच्या विक्रीच्या कागदावर माझी सही लागणार आहे. वाडा उतरवून न्यायच्या सौद्यावर ती होणार नाही, हे मी सगळ्या हिस्सेदारांना लेखी कळवलं आहे.